उपजत कवच

बंगळूरच्या पूर्व भागात इंदिरानगर नावाची वस्ती आहे. शंभर फुटी रस्त्याच्या दोन्ही अंगांस दुकाने आणि उपाहारगृहे यांची गजबज, आणि त्या गजबजीपासून चार पावले आत वळले की झाडांच्या सावलीतल्या शांत गल्ल्या, असे तिचे रूप आहे. तिच्यातील एका भागाला ‘डिफेन्स कॉलनी’ म्हणतात. संरक्षण दलांतील माणसांची घरे तेथे झाली, म्हणून हे नाव. अशाच एखाद्या गल्लीत, पदपथाच्या उखडलेल्या फरशीला अडखळून सात-आठ वर्षांचा एक मुलगा पडतो, अशी कल्पना करावी. गुडघा खरचटतो, रक्त येते, जखमेत माती जाते. घर मराठी असेल तर आजी गुडघा स्वच्छ पाण्याने धुते, वर चिमूटभर हळद दाबते आणि म्हणते, “अरे, काही होत नाही. दोन दिवसांत खपली धरेल.”

आजीचे भाकीत बहुधा खरे ठरते. हळदीच्या गुणांचा वाद येथे नको. तो स्वतंत्र विषय आहे. येथे विचारावयाचे आहे ते इतकेच की, त्या मातीबरोबर जे असंख्य जंतू जखमेत शिरले त्यांचे पुढे काय झाले? अनुकूल परिस्थितीत काही जंतूंची संख्या दर वीस मिनिटांस दुप्पट होते. ह्या हिशेबाने एका जंतूचे आठ तासांत दीड कोटीहून अधिक जंतू व्हावयास हवेत. मुलगा संध्याकाळी पडला असेल, तर सकाळी उठेपर्यंत त्याचा पाय सुजून निकामी व्हावयास हवा. तसे होत नाही. रात्री तो गाढ झोपलेला असतो आणि त्याच्या गुडघ्यात एक लढाई लढली जाऊन संपूनही गेलेली असते.

रोगप्रतिकार म्हटला की सुशिक्षित माणसाच्या मनात प्रथम लस येते. देवी, पोलिओ, धनुर्वात यांच्या लसींनी एवढे यश मिळविले आहे की ते साहजिकच आहे. लसीमुळे शरीर एखाद्या विशिष्ट जंतूची ओळख करून घेते आणि पुढे तो आला की त्याला नेमके गाठते. ही शिकून मिळविलेली, म्हणजे अर्जित शक्ती होय. परंतु शिकावयास वेळ लागतो. नव्या शत्रूची पहिली ओळख पटून त्याच्याविरुद्धचे सैन्य उभे राहावयास आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक अवधी जातो. त्या मुलाच्या गुडघ्याला आठवडाभर थांबणे परवडणारे नाही. पहिल्या काही तासांचा सामना ज्या शक्तीने करावयाचा, ती कोणी शिकवीत नाही. ती जन्माबरोबर येते. महाभारतातील कर्ण कवचकुंडले लेऊन जन्मास आला असे म्हणतात. तेवढे तेजस्वी नसेल, पण एक कवच प्रत्येक मूल घेऊनच येते.

ह्या कवचाचे काही थर उघड दिसतात. अखंड कातडी हा पहिला थर. डोळ्यांतील पाणी, लाळ, नाकातील शेंबूड ह्यांतही जंतुनाशक द्रव्ये असतात. पेनिसिलीनमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1922 मध्ये ह्यांपैकीच एक द्रव्य जगापुढे ठेवले आणि त्याला लायसोझाइम हे नाव दिले. पण कातडी फाटली, अश्रू आणि लाळ जेथे पोचत नाहीत अशा ठिकाणी जंतू शिरले, तर पुढे काय? ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर एका रशियन प्राणिशास्त्रज्ञाने दिले, आणि त्या उत्तराचा एक धागा पुढे थेट मुंबईच्या परळपर्यंत येऊन पोचला.

इल्या मेचनिकॉव्ह हा शास्त्रज्ञ 1882 मध्ये इटलीतील मेसिना येथे समुद्रकिनारी राहत होता. तारामाशाची अर्भके काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे त्यांच्या शरीरातील पेशींची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली सरळ पाहता येते. त्याने घराच्या बागेतील गुलाबाचे काटे तोडले आणि ते ह्या अर्भकांच्या अंगात टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो, काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला! परक्या वस्तूवर धावून जाणाऱ्या आणि तिला गिळू पाहणाऱ्या ह्या पेशी म्हणजेच शरीराचे रक्षक, असा सिद्धान्त त्याने मांडला. त्याच्यावर टीका पुष्कळ झाली. रक्तातील द्रवच जंतूंना मारतो, पेशी नव्हेत, असे म्हणणारा पक्ष प्रबळ होता. अखेर 1908 चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि द्रवपक्षाचा अग्रणी पाउल एर्लिख ह्या दोघांना विभागून देण्यात आले. अशी समान वाटणी क्वचितच इतकी न्याय्य ठरली असेल, कारण पुढे दोघांचेही म्हणणे खरे निघाले.

ओडेसा येथे मेचनिकॉव्हच्या हाताखाली शिकलेला एक तरुण पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला आणि तेथून हिंदुस्थानात आला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. 1896 मध्ये मुंबईत प्लेगने कहर मांडला, तेव्हा त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज तीच हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. प्लेग 1898 मध्ये बंगळूरासही पोचला होता. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ह्या तेथील मोकळ्या, आखीव वस्त्यांची वाढ त्या भयातूनच झाली. ह्या सर्व काळात लसीचे, म्हणजे शिकविलेल्या प्रतिकाराचे, नाव घरोघर गेले. गुरूच्या त्या उपजत पेशी मात्र पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर राहिल्या.

त्या पेशींपैकी संख्येने सर्वांत अधिक असतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी. प्रौढ माणसाच्या हाडांतील मगजात त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात आणि फार थोडा काळ जगतात. जखम झाली की इजा झालेल्या पेशी रासायनिक हाक देतात. ती ऐकून न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि काही तासांतच जखमेशी येऊन ठेपतात. जखमेची ऊब, लाली, सूज आणि ठणका ही सारी ह्या धावपळीची चिन्हे होत. पू म्हणजे बहुतांशी लढून मेलेल्या ह्याच पेशी. त्या जंतूला गिळतात, हे मेचनिकॉव्हने सांगितलेच होते. पण गिळणे म्हणजे मारणे नव्हे. गिळल्यानंतर जंतू मरतो तो कशाने?

न्यूट्रोफिलच्या पोटात सूक्ष्म कणांसारख्या दिसणाऱ्या बंद पिशव्या असतात. जंतू गिळला गेला की ह्या पिशव्या त्याच्यावर रित्या होतात. 1956 मध्ये जेम्स हर्श याने श्वेतपेशींतून जंतुनाशक अर्क काढला. 1963 पासून झेया आणि स्पिट्झनागेल ह्या दोघांनी गिनीपिगच्या पेशींतून धनविद्युत्भार असलेली जंतुनाशक प्रथिने वेगळी केली. परंतु ह्या द्रव्यांची नेमकी घडण उलगडावयास आणखी वीस वर्षे जावी लागली. 1985 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत रॉबर्ट लेरर आणि त्याचे सहकारी टोमास गान्झ व मायकेल सेल्स्टेड यांनी माणसाच्या न्यूट्रोफिलमधून तीन अगदी लहान प्रथिने शुद्ध स्वरूपात मिळविली आणि त्यांना ‘डिफेन्सिन’ असे नाव दिले. इंदिरानगरच्या त्या वसाहतीच्या नावात जो शब्द आहे, तोच ह्याही नावाच्या मुळाशी आहे. ही द्रव्ये काही तुरळक नव्हेत. न्यूट्रोफिलमधील एका जातीच्या पिशव्यांत जे प्रथिन असते, त्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग डिफेन्सिनांचाच असतो. दारूगोळ्याचे कोठार एवढे भरलेले असते!

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनाच्या माळांत मिळून असे पाचशेहून अधिक मणी असतात. डिफेन्सिनाच्या माळेत तीस ते पंचेचाळीसच्या आसपास. इतक्या आखूड माळेला पेप्टाइड म्हणतात. ह्या माळेतील सहा मणी गंधकयुक्त असतात; ते दोन-दोन मिळून तीन गाठी मारतात आणि माळ घट्ट वळली जाते. ह्या गाठींमुळे डिफेन्सिन चिवट होते. इतर प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या पाचक द्रव्यांच्या गर्दीतही ते टिकून राहते. दुसरे वैशिष्ट्य असे की त्याच्यावर धनविद्युत्भार असतो. ह्या एका गोष्टीत त्याच्या कामाची निम्मी किल्ली आहे.

जंतूच्या पेशीचे बाह्य आवरण ऋणविद्युत्भाराचे असते. आपल्या पेशींच्या आवरणाची बाहेरची बाजू मात्र जवळजवळ तटस्थ असते, आणि त्यात कोलेस्टेरॉल असल्यामुळे ते अधिक दृढही असते. तेव्हा धनभारित डिफेन्सिन आपोआप जंतूकडे ओढले जाते आणि घरच्या पेशीला सहसा सोडून देते. कोणत्या जंतूचे नाव काय, तो पूर्वी कधी आला होता काय, हे विचारण्याची त्याला गरजच पडत नाही. जंतूच्या आवरणात ही पेप्टाइडे घुसली की ते फुटते, आतले क्षार आणि पाणी बाहेर पाझरते आणि जंतू मरतो. अर्थात हे सारे एवढ्यावरच भागत नाही. जंतूची भिंत बांधण्यासाठी जो कच्चा माल लागतो, त्याचा एक घटक काही डिफेन्सिने धरून ठेवतात आणि भिंतीचे बांधकामच बंद पाडतात. माणसाच्या आतड्यात असलेले सहाव्या क्रमांकाचे डिफेन्सिन तर बहुधा मारतच नाही. 2012 मध्ये असे दिसून आले की त्याचे रेणू एकमेकांत गुंफून कोळ्याच्या जाळ्यासारखे सूक्ष्म जाळे विणतात आणि जंतूला आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचू देत नाहीत.

आखूड पेप्टाइडे पेशीच्या आवरणाला भोके कशी पाडतात, ह्या प्रश्नावर बंगळूरातही महत्त्वाचे काम झाले आहे. इंदिरानगरपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमच्या बाजूला, 1909 मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पद्मनाभन बलराम हे तेथे अध्यापक होते आणि पुढे संस्थेचे संचालकही झाले. त्यांनी आणि त्यांचे शिष्य आर. नागराज यांनी अलामेथिसिन नावाच्या पेप्टाइडाचा अभ्यास केला. एका बुरशीने निर्माण केलेले हे पेप्टाइड आवरणात शिरून आरपार नळी तयार करते. नागराज पुढे हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात गेले आणि तेथे त्यांनी माणसाच्या डिफेन्सिनांवर वर्षानुवर्षे संशोधन केले. डिफेन्सिनाची माळ कोठे तोडली, कोणती गाठ सोडली, तर त्याची मारकशक्ती किती उरते, अशा स्वरूपाचे हे काम आहे. बातमी होण्याजोगे त्यात फारसे काही नसते, पण औषधाचा विचार करणाऱ्याला पहिला आधार असल्याच कामाचा घ्यावा लागतो.

डिफेन्सिने केवळ श्वेतपेशींतच असतात असे नाही. जर्मनीतील कील येथील संशोधकांच्या मनात एक साधा प्रश्न आला. सोरायसिस ह्या विकारात कातडी लाल होते, तिचे पापुद्रे सुटतात, ती जागोजाग भेगाळते. तरीही तिला जंतुसंसर्ग फारसा का होत नाही? त्यांनी रुग्णांच्या कातडीचे पापुद्रे गोळा केले, त्यांचा अर्क काढला, आणि 1997 मध्ये त्यातून माणसाचे एक नवेच डिफेन्सिन हाती लागले. निरोगी कातडीत ते जवळजवळ नसते. जंतूचा स्पर्श झाला किंवा दाह सुरू झाला की कातडीच्या पेशी ते वेगाने बनवू लागतात. ह्याउलट इसबाच्या एका सामान्य प्रकारात कातडी ते पुरेसे बनवीत नाही, आणि म्हणूनच त्या रुग्णांना पुवाळलेल्या फोडांचा त्रास वारंवार होतो. वैद्य आजाऱ्याला काय झाले आहे हे पाहतो. काय झालेले नाही हेही पाहावे, हे कीलच्या संशोधकांना सुचले.

ह्या कवचाचे वय किती, हे पाहू गेले तर स्वयंपाकघरातही पुरावा मिळतो. मुळ्याचे बी रुजू लागले आणि त्याचे टरफल फाटले की त्यातून डिफेन्सिने बाहेर झिरपतात आणि कोवळ्या अंकुराभोवतीच्या ओलसर मातीतील बुरशीला दूर ठेवतात. मुगाच्या एका डिफेन्सिनाने कडधान्यातील भुंगेऱ्याची वाढ खुंटते, असे आढळले आहे. कीटकांना तर लसीची शक्ती नाहीच. त्यांचा सारा भर उपजत प्रतिकारावर. 1981 मध्ये स्वीडनच्या हान्स बोमन याने अमेरिकेतील एका मोठ्या रेशीम-पतंगाच्या कोशात जंतू टोचले आणि त्या कोशाने निर्माण केलेली सेक्रोपिन नावाची पेप्टाइडे वेगळी केली. 1987 मध्ये मायकेल झॅस्लॉफ याने आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन काढले. ही दोन्ही डिफेन्सिनाची सख्खी भावंडे नव्हेत, पण वागणुकीने त्याच गोत्रातील आहेत.

ह्या वंशावळीत एक हरवलेले पानही आहे. उत्तर भारतात सर्वत्र दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाच्या श्वेतपेशींत 1999 मध्ये एक विलक्षण डिफेन्सिन सापडले. त्याची माळ अठरा मण्यांची, आणि तिची दोन्ही टोके जुळून कडे झालेले. माणसाच्या पेशींतही त्याची आज्ञा लिहिलेली आहे. मात्र त्या लिखाणाच्या मध्येच एक पूर्णविराम पडला आहे, त्यामुळे माळ पुरी होत नाही. चिंपांझी आणि गोरिला यांच्याही लिखाणात तोच पूर्णविराम आहे. म्हणजे ही चूक माणूस माणूस होण्यापूर्वीच झालेली आहे. शास्त्रज्ञांनी तो पूर्णविराम वगळून ती माळ प्रयोगशाळेत बनविली, तेव्हा तिने एड्सच्या विषाणूला पेशींत शिरण्यास अटकाव केला. माकडाला जे राहिले ते माणसाने गमावले, असे येथे म्हणावे लागते.

गमावण्याची गोष्ट निघाली तर नवजात बालकाविषयी बोलणे आवश्यक आहे, कारण ह्या कवचाचे खरे मोल तेथे कळते. मोठ्या माणसाच्या रक्तात आयुष्यभर शिकलेल्या प्रतिकाराची शिदोरी असते. बालकाजवळ आईकडून आलेल्या थोड्या प्रतिपिंडांखेरीज शिकलेले असे काही नसते. त्याची सारी भिस्त उपजत शक्तीवर. जन्माच्या वेळी त्याच्या अंगावर जो पांढरा, लोण्यासारखा लेप असतो, तो अनेकांना घाण वाटतो. त्या लेपात लायसोझाइम आहे, डिफेन्सिने आहेत आणि त्यांच्या नात्यातील आणखीही एक जंतुनाशक पेप्टाइड आहे. म्हणूनच बाळाला पहिली अंघोळ चोवीस तासांनंतर घालावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुष्कळ घरांत मात्र बाळ जन्मताच त्याला चोळूनमोळून न्हाऊ घालण्याची घाई असते. आईच्या पहिल्या घट्ट, पिवळसर दुधाचेही तेच. हा चीक बाळाला बाधतो, ह्या समजुतीने तो पिळून टाकला जातो आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटविले जाते. त्या चिकात आईचे प्रतिपिंड, लॅक्टोफेरिन, लायसोझाइम आणि काही डिफेन्सिनेही असतात. कर्णाने कवच दिले ते निदान इंद्र याचक होऊन दारी आला म्हणून. येथे कोणी मागावयास आलेले नसते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाच्या आतड्यात डिफेन्सिने पुरविणाऱ्या पॅनेथ पेशी मुळातच थोड्या असतात. त्याच्या बाबतीत हे नुकसान अधिकच महाग पडते.

बालकाचे कवच अपुरे पडले म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने गडचिरोलीत जवळून पाहिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यात घरीच जन्मलेली आणि महिन्याच्या आत दगावणारी मुले मोजता मोजता त्यांना दिसले की ह्या मृत्यूंमागे रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग हे एक मोठे कारण आहे. 39 गावांत त्यांनी गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. बाळ कोरडे आणि उबदार ठेवणे, लगेच अंगावर पाजणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि संसर्गाची शंका येताच ठरावीक प्रतिजैविके देणे, एवढे त्यांचे काम. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात ह्या प्रयोगाचा वृत्तान्त छापला गेला. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेने साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. ह्या कार्यक्रमाचे अर्धे काम उपजत कवच राखण्याचे होते आणि अर्धे, ते फुटल्यास बाहेरून हत्यार पुरविण्याचे.

ते बाहेरचे हत्यारच आज बोथट होत आहे. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बालकांची पाहणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की संसर्ग करणाऱ्या जंतूंपैकी पुष्कळ जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत. अशा वेळी कोलिस्टिनसारखे जुने औषध शेवटचा उपाय म्हणून वापरावे लागते. हे औषधही धनभारित पेप्टाइडच आहे. जंतूंनीच दुसऱ्या जंतूंविरुद्ध ते घडविलेले आहे आणि ते वार करते तेही जंतूच्या आवरणावर. असे असूनही ते कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात, त्यांनी लवकर वाढावे म्हणून, वर्षानुवर्षे मिसळले गेले. त्याला न जुमानणारे आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक 2015 मध्ये चीनमध्ये आढळले. भारत सरकारने 2019 मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरास बंदी केली. अशा आज्ञेची अंमलबजावणी कोंबडीच्या खुराड्यापर्यंत पोचते की नाही, ह्यावर तिचे यश अवलंबून आहे. कागदावरची बंदी जंतूला वाचता येत नाही.

मग डिफेन्सिनासारखी पेप्टाइडेच औषध म्हणून का देऊ नयेत? ही आशा गेली चाळीस वर्षे आहे आणि तिने पुष्कळदा निराशाही केली आहे. झॅस्लॉफच्या मॅगेनिनापासून पेक्सिगानान नावाचे मलम तयार झाले होते. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी ते होते. 1999 मध्ये अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी त्यास परवानगी नाकारली, कारण उपलब्ध औषधांहून ते सरस ठरले नव्हते. पेप्टाइड रक्तात टोचले तर लवकर मोडते, मात्रा वाढविली तर घरच्या पेशींनाही इजा पोचते, आणि बनविण्याचा खर्चही मोठा. शिवाय जंतूही गप्प बसत नाहीत. पुवाच्या फोडांचा नेहमीचा जंतू आपल्या आवरणावर धनभारित तुकडे चिकटवतो. मग डिफेन्सिन त्याच्याकडे पूर्वीइतके ओढले जात नाही.

तरीही शोध चालूच आहे, आणि त्यात मराठी मुलखाचा वाटा आहे. पुण्याच्या संशोधकांनी 2015 मध्ये बेडकाच्या एका जातीचे प्रथमच वर्णन केले आणि तिचा आढळ दूरवर पसरलेला म्हणून तिला ‘बहुविस्तार’ असे संस्कृत नाव दिले. त्याच जातीच्या, केरळात मिळालेल्या बेडकाच्या कातडीतून 2017 मध्ये एक पेप्टाइड निघाले. ज्या गटाच्या फ्ल्यूने 2009 मध्ये पुण्यात देशातील पहिला बळी घेतला, त्या गटाच्या विषाणूंना ते मोडून टाकते असे प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसले. केरळच्या लवचिक तलवारीवरून त्याचे नाव उरुमिन ठेवण्यात आले. माणसापर्यंत त्याची मजल अजून लांब आहे. हाफकिनच्या परळातच, राष्ट्रीय प्रजननस्वास्थ्य संशोधन संस्थेत, 2010 मध्ये जगभरच्या अशा जंतुनाशक पेप्टाइडांची एक संगणकीय सूची तयार झाली. ती आजवर वाढतच गेली आहे. नवी माळ सुचली तर ती जंतुनाशक ठरण्याचा संभव किती, हेही तिच्या आधारे अजमावता येते.

ह्या संथ, खर्चिक प्रयत्नांशेजारी बाजारातील चित्र ठेवून पाहिले की आश्चर्य वाटते. 2020 च्या साथीत ‘प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या’ काढ्यांच्या, गोळ्यांच्या आणि चूर्णांच्या बाटल्यांनी दुकानांच्या फळ्या भरून गेल्या. जणू ही शक्ती म्हणजे रांजण आहे आणि वरून ओतले की तो भरतो! प्रत्यक्षात उपजत प्रतिकार हा भडकला तरी घातकच. त्या साथीत अनेक रुग्णांची फुप्फुसे निकामी केली ती स्वतःच्याच शरीराने मांडलेल्या अमर्याद दाहाने. सोरायसिसच्या रुग्णाच्या कातडीत डिफेन्सिन भरपूर असते. म्हणून त्याचा कोणी हेवा करीत नाही. ड जीवनसत्त्वामुळे पेशी एक जंतुनाशक पेप्टाइड अधिक बनवितात आणि त्यामुळे क्षयजंतू मरतात, हे 2006 मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पुढे मंगोलियात हजारो मुलांना ड जीवनसत्त्व देऊन पाहिले, तेव्हा क्षयाची लागण कमी झाली नाही, असा निष्कर्ष 2020 मध्ये निघाला. काचेच्या नळीतला न्याय शरीराला लावताना पाऊल जपूनच टाकावे लागते. पोटभर सकस अन्न, पुरती झोप, स्वच्छ पाणी, वेळेवर लस आणि गरज नसताना प्रतिजैविक न घेणे, ह्यांत नवे किंवा विकण्याजोगे असे काहीच नाही. म्हणूनच बहुधा त्यांची जाहिरात होत नाही.

इकडे इंदिरानगरात त्या मुलाच्या गुडघ्यावर तिसऱ्या दिवशी काळपट खपली धरलेली असते. तिच्याखाली न्यूट्रोफिलांचे काम संपलेले असते. मेलेल्या पेशी उचलून नेणाऱ्या दुसऱ्या, मोठ्या श्वेतपेशी तेथे आलेल्या असतात आणि कडेकडेने नवी कातडी सरकत येत असते. ती येताना आपले डिफेन्सिन बनवीतच येते. खाज सुटते, आणि आजीने नको म्हणून सांगितले असताही मुलगा खपलीची कड नखाने उचलून पाहतो.